फायनलमधली दोन बोटं

बायको : शटर अर्धंच का वर केलंय? गिऱ्हाइकाने काय रांगत यायचं?

सलूनवाला : वाकून यावं. वाकलेल्या माणसाचं हसू दिसत नाही.

बायको : परवापासून हेच चाललंय. कॅरममध्ये हरलात, हात नाही तुटला तुमचा!

सलूनवाला : हरण्याचं कोण रडतंय? नऊ वर्षं ढाल या भिंतीवर होती, कधीतरी जाणारच होती. पण अशी? त्याची एक सोंगटी उरलेली, माझी एक. पोस्टमन नेम धरून वाकला, आणि मी...

बायको : आणि तुम्ही दोन बोटांनी त्याची मान सरळ केलीत.

सलूनवाला : तिरकी होती गं! तीस वर्षांची सवय. समोर तिरकं डोकं दिसलं की हात जातोच.

बायको : वर "हं, हलू नका" असंही म्हणालात.

सलूनवाला : तेही ऐकू गेलं?

बायको : मागच्या रांगेपर्यंत.

पोस्टमन : (शटरखालून वाकून येत) आहेस का रे?

सलूनवाला : बंद आहे.

पोस्टमन : बंद कसलं, आवाज कोपऱ्यापर्यंत येतोय. वहिनी, जरा ही ढाल धरा.

सलूनवाला : ढाल इथे कशाला आणलीस?

पोस्टमन : ठेव तुझ्याकडेच. तुला फाउल दिला, तुझी सोंगटी वाढवली, मला पुन्हा नेम मिळाला, म्हणून मी जिंकलो. तू मान धरली नसतीस ना, तरी पहिला नेम चुकलाच असता माझा. क्लबात सांगतो, डाव पुन्हा मांडू.

सलूनवाला : दया करतोयस होय माझ्यावर?

पोस्टमन : दया कसली...

सलूनवाला : नऊ वर्षं मी ढाल मिरवली, तेव्हा तुला कधी डाव पुन्हा दिला? हात मी लावला, हरलो मी. ते हरणं माझं आहे. त्यात वाटा मागायला येऊ नकोस.

बायको : एवढी ऐट आहे, मग दोन दिवस गिऱ्हाइकं परत का पाठवताय? भावजी, हे सांगायचे नाहीत. मानेपर्यंत हात नेतात आणि मागे घेतात. काल सोनाराला अर्धी दाढी करून घालवलं बिचाऱ्याला.

सलूनवाला : बिचारा? मुद्दाम मान तिरकी केली त्याने! म्हणे, बघू फाउल होतो का.

पोस्टमन : असं आहे होय. सरक, खुर्ची दे.

सलूनवाला : कशाला?

पोस्टमन : केस काप. महिना झाला, टोपी बसत नाही डोक्यावर. आणि आधीच सांगतो, मान मी तिरकीच ठेवणार.

सलूनवाला : हलकटा!

पोस्टमन : पंच नाही इथे. घाबरतोस कशाला?

सलूनवाला : घाबरतो? मी? बस. कॉलरमध्ये असे बारीक केस सोडतो, की पुढच्या फायनलला नेम सोडून खाजवत बसशील.

पोस्टमन : म्हणजे पुढच्या वर्षी खेळणार आहेस?

सलूनवाला : मग काय टाळ्या वाजवायला येऊ? आणि ही ढाल घेऊन जायची. पिशवीत लपवून नाही, भर बाजारातून, छातीशी धरून. कोणी विचारलं तर सांगायचं, ज्याला हरवलं त्याच्याकडूनच केस कापून आलो.

बायको : अहो... हात थांबलाय तुमचा.

सलूनवाला : दिसतंय मला.

पोस्टमन : मान अवघडली राव. किती वेळ वाकडी ठेवू?

सलूनवाला : गप. हं... हलू नको. अशी. आता झाली सरळ.

बायको : झाली.

सलूनवाला : बघत काय उभी राहिलीस? ते शटर घे पूर्ण वर. उजेड कमी पडतोय.