अक्काच्या वहीतली कोरी जागा

आयाबायांनो, दादांनो, हदगावहून, किल्लारीहून, इतक्या लांबून तुम्ही अक्काच्या शोकसभेला आलात. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून कागदावर लिहून आणलंय. आणि घरखर्च लिहायचीच सवय, त्यामुळं सुरुवात खर्चानंच झालीय. तेवढं सांभाळून घ्या.

हार दोन, ऐंशी रुपये. चहाला दूध चार लिटर, दोनशे चाळीस. पोस्टकार्डं पंचवीस, साडेबारा रुपये. ती कशाला, ते शेवटी सांगते. सतरंज्या आणि खुर्च्या रहीमचाचांच्या, पैसे काही नाही. मी नोटा पुढं केल्या तर चाचा म्हणाले, "तुमच्या जाऊबाईनं मला तीनदा वहीत घेतलंय. आता काय भाडं घेऊ?"

ती वही तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कमलअक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई. नातवंडांच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं दोऱ्यानं शिवायच्या. देवापुढं दिवा लावला की रोज एक ओळ. आज कुणी माझं काय भलं केलं. आधी नाव, मग काम. नावाशिवाय ओळ नाही. "सूनबाई सविता. न सांगता भाकर मऊ केली." "शेजारीण शांताबाई. आज भांडली नाही." शांताबाई, हसू नका, खरंच लिहिलंय.

ऐन तिशीत कुंकू गेलेली बाई. रडगाणं लिहायचं म्हटलं असतं तर पेटी भरली असती. एक ओळ तसली नाही. मी सगळी पानं चाळली.

मी एकदा म्हणाले, अक्का, देवाचे आभार मानले की झालं, माणसांचे रोज कशाला? त्या म्हणाल्या, "देवाचं नाव समद्यांला ठाऊक हाय गं. माणसाचं इचारावं लागतं."

विचारावं लागतं. तेवढंच माझ्याकडून राहिलं.

मागच्या दिवाळीआधी अक्का लातूरहून एकट्या एसटीनं आल्या. इथं अहमदपूरच्या स्टँडवर उतरल्या आणि घेरी आली. एक अनोळखी बाई धावली. तिची नांदेडची गाडी लागली होती, ती तिनं सोडली. अक्काचं डोकं मांडीवर घेतलं, साखरपाणी पाजलं, पिशवीतल्या चिठ्ठीवरून शेजारच्या दुकानदाराला मला फोन करायला लावला. मी गेले. हिरवं लुगडं, हातात स्टीलचा डबा, एवढंच बघितलं. आणि केलं काय? दहा रुपयांवरून रिक्षावाल्याशी घासाघीस केली, अक्काला बसवलं, निघाले. त्या बाईशी एक शब्द बोलले नाही.

दिवा लागल्यावर अक्कानं वही घेतली. "नाव काय गं तिचं?" मी म्हणाले, विचारलंच नाही. त्या रागावल्या नाहीत. नावापुरती जागा सोडली आणि पुढं लिहिलं, "माझ्यासाठी गाडी सोडली."

नंतर मी दोनदा स्टँडवर जाऊन आले. दुकानदाराला विचारलं, कंडक्टरांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही.

शेवटी दवाखान्यात होत्या, तर नर्सताईला आधी नाव विचारायच्या, मग सुई टोचू द्यायच्या. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरला. "कळलं का गं?" मी म्हणाले, न्हाई अक्का. "मग जागा तशीच ठिव. कायतरी खोटं भरू नको."

आता दोन मिनिटं शांत बसूया. ज्यानं तुमचं भलं केलं असं एक माणूस आठवा, नावासकट.

आणि जाताना दाराशी ठेवलेलं एकेक पोस्टकार्ड घेऊन जा. माझा पत्ता मी त्यावर घातलाय. आपापल्या गावात, सोयऱ्याधायऱ्यांत विचारा, दिवाळीआधी अहमदपूरच्या स्टँडवर एका म्हातारीसाठी कुणी नांदेडची गाडी सोडली होती का. नाव कळलं की उलट टपाली कळवा. जागा मी तशीच ठेवलीय.