बिडकीनच्या पाण्यावरचं प्रपोजल

माझ्या ग्रँटचं काय झालं विचारता ना? मग चहा संपायच्या आत ऐका.

बिडकीनच्या विहिरींच्या पाण्यावर संशोधन करायला विद्यापीठाची ग्रँट मिळावी म्हणून मी प्रपोजल लिहिलं. आमच्या विभागप्रमुख सरांनी सह-संशोधक म्हणून स्वतःचं नाव घालून घेतलं आणि न वाचताच सही केली.

महिन्याभरानं सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, विद्यापीठानं एक प्रपोजल तपासायला पाठवलंय. मला वेळ नाय. तुम्हीच वाचा, मार्क द्या, शेरा लिहा. मी सही ठोकतो."

उघडून बघते तर काय, नावं काढलेलं आमचंच प्रपोजल!

"सर, पण हे तर..."

"कारणं सांगू नका. संध्याकाळपर्यंत पाहिजे."

मग काय, दिले मी दहापैकी दहा. शेऱ्यात लई गोडवे गायले.

सरांनी मार्क बघितले आणि खिशातला पेन काढला. "एवढे देतात का कुणी? नवी पोरं डोक्यावर बसतात." दहाचे चार केले, सही ठोकली.

प्रपोजल पडलं. सर अख्ख्या विभागात ओरडत फिरले, "कुठल्या गाढवाला तपासायला दिलं होतं?"

मी म्हटलं, "व्हय सर. न वाचताच मार्क कापले असणार गाढवानं."