बोली लावून माघार घेतलेला इसम

पुरवणी जबाब
पनवेल, दि. २२ जानेवारी २०११

नाव: सौ. विनिता हितेश कोळी, वय ३९ वर्षे, धंदा: घरकाम व इंटरनेटवर जुन्या वस्तूंची विक्री, राहणार: कोळीवाडा, पनवेल, जि. रायगड.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती हितेश, सासू श्रीमती दमयंती काशिराम कोळी व मुलगी पूर्वी असे एकत्र राहण्यास आहोत. पती न्हावा शेवा बंदरात लाँचवर कामाला आहेत. सासरे काशिराम हयात नाहीत. मी याच आठवड्यात दिलेल्या तक्रारीवरून रूपेश शुक्रा वाघमारे, राहणार आपट्याजवळील वाडी, याला चौकशीसाठी आणले आहे. त्या तक्रारीतील हकीकत खरी नसल्याचे काल मला समजले, म्हणून मी आज आपण होऊन आले आहे. पहिल्यापासून सांगा, त्या त्या वेळी तुम्हाला काय वाटले तेही सांगा, असे साहेबांनी सांगितल्याने तसे सांगत आहे.

माझ्याकडे घरी संगणक आहे. लोकांच्या घरातली जुनी भांडी, रेडिओ, कॅमेरे मी फोटो काढून लिलावाच्या वेबसाइटवर टाकते. मुदत संपेपर्यंत लोक बोली वाढवत जातात. शेवटची बोली ज्याची, त्याने वस्तू घ्यायची. काही जण बोली जिंकतात आणि मग फोन उचलत नाहीत. असे अनुभव आल्यापासून मी नवीन गिऱ्हाइकावर पटकन विश्वास ठेवत नाही.

सासरे लाँचवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी होते. बंदराबाहेर पाण्यात पडलेल्या एका खलाशाला त्यांनी ओढून वर घेतले, तेव्हा त्या परदेशी जहाजाच्या कॅप्टनने आपल्या हातातले स्विस घड्याळ काढून त्यांना दिले, असे घरात सांगतात. चावी देण्याचे आहे. पांढरी तबकडी, तिच्यात सेकंदकाट्याची वेगळी छोटी तबकडी. सासरे गेल्यापासून ते कपाटात लाकडी पेटीत होते. दिवाळीनंतर पती म्हणाले, "घालतंय कोण ते? टाक तुझ्या लिलावात." मी पेटी बाहेर काढली, जेवणाच्या टेबलावर घड्याळाचे सहा-सात फोटो काढले आणि पेटी परत कपाटात ठेवली. सासूबाई त्या वेळी मागच्या पडवीत मासळी निवडत बसल्या होत्या.

फोटो टाकल्यावर 'पातळगंगा८४' या नावाने एक जण प्रश्न विचारू लागला. काच मूळची आहे का, मागचे झाकण उघडून आतला फोटो टाकाल का. मला झाकण उघडता येत नाही, असे मी कळवले. शेवटची बोली त्याचीच ठरली. दुसऱ्या क्रमांकाची बोली दादरच्या एका दुकानदाराची होती. नंतर याचा फोन आला. पैसे रोख देतो, पण आधी घरी येऊन बघतो म्हणाला. घरी कधी असता, असे त्याने दोनदा विचारले. तेव्हाच मला ते बरे वाटले नाही. तरी जवळचाच माणूस आहे, कुरिअर वाचेल, म्हणून मी रविवारी दुपारी ये असे सांगितले.

त्या रविवारी शेजारच्या आशालता नाखवा दारात येऊन म्हणाल्या, "विनिता, एक काळा पोरगा दोनदा गल्लीतून गेला गं. घरं मोजतोय जसा. दार लावून घे." थोड्या वेळाने तोच आमच्या दारात उभा राहिला. नाव रूपेश वाघमारे, राहणार आपट्याजवळची वाडी, असे सांगितले. न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवायचे काम करतो म्हणाला. पायातल्या चपला त्याने बाहेर उंबऱ्यापासून लांब काढल्या. एवढी किंमत देणारा माणूस असा दिसेल अशी माझी कल्पना नव्हती. पती कामावर होते. सासूबाई आत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

मी पेटी आणून दिली. त्याने घड्याळ कानाला लावले. मग खिडकीपाशी गेला. खिशातून छोटे हत्यार काढून मागचे झाकण उघडले, आत बघितले. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याच वेळी स्वयंपाकघरात दूध उतू गेले म्हणून मी आत गेले आणि लगेच परत आले. तोपर्यंत घड्याळ पेटीत होते आणि पेटी बंद होती.

तो म्हणाला, "मॅडम, नको. राहू द्या."

मी म्हटले, "का? काय झालं? बोली तुमची आहे. असं मागे नाही फिरता येत."

तो दाराबाहेर गेला. चपला घालताना मात्र त्याने विचारले, "घरात आणखी कोण कोण असतं?"

मी दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, त्या घड्याळाचं घरात कुणाला विचारलंत का?" मी फोन कट केला. वेबसाइटवर खरेदीदाराबद्दल शेरा लिहिण्याची सोय असते. तिथे मी त्याच्या नावापुढे 'फसवा माणूस, याच्यापासून सावध राहा' असे लिहिले.

त्यानंतर मी पेटी घेऊन दादरच्या त्या दुकानदाराकडे गेले. त्यांनी माझ्या जाहिरातीतला फोटो संगणकावर लावला, शेजारी घड्याळ ठेवले आणि म्हणाले, "बाई, हे ते नाही. फोटोतलं घड्याळ वेगळं आहे. हे बाजारात शंभरांनी मिळतं." त्यांनी बोट ठेवून दाखवल्यावर मलाही दिसले. फोटोत छोटी तबकडी खोलगट आहे, हातातल्या घड्याळावर ती नुसती छापलेली होती. पट्टा तोच होता, म्हणून आधी माझ्या लक्षात आले नाही.

परतीच्या वाटेवर माझी खात्री झाली. आतल्या फोटोची मागणी, घरी कधी असता, गल्लीतल्या फेऱ्या, हत्यार, खिडकीकडे तोंड, घरात कोण असतं. सगळे जुळत होते. घरी न जाता मी सरळ पोलिसांत आले आणि तक्रार दिली. त्याचे नाव सांगितले, फोन नंबर दिला, गाव सांगितले. साहेबांनी विचारले नसताना, तो कातकरी आहे, हेही सांगितले. पेटी फोटो काढल्यापासून तो येईपर्यंत उघडली गेली नाही, असेही मी ठामपणे सांगितले. ते मी बघितलेले नव्हते.

काल सकाळी मी संगणकापुढे असताना दारात एक बाई आली. हिरवे लुगडे, हातात कापडी पिशवी. ती आत येईना. पायरीवर बसली. म्हणाली, "मी कमळी. रूपेशची आई. बाय, माझा पोर चोर नाय."

मी म्हटले, "हे मला सांगून काय उपयोग? पोलिसांना सांगा."

"सांगितला. ते म्हनतात तक्रार त्या बायची हाय. यार्डाच्या गेटवरून नेला त्याला, सगल्यांच्या देखत. ठेकेदारानं पास काढून घेतला. आता सुटला तरी आत घेनार नाय." मग थोडे थांबून म्हणाली, "तो ल्हान व्हता तवापासून बंद घड्यालं उघडून बसतो. येड हाय त्याला. पन दुसऱ्याच्या वस्तूला हात नाय लावायचा कदी."

आतून सासूबाई आल्या. त्यांना पोलिसांचे काहीच माहीत नव्हते. घरात आम्ही त्यांना सांगितले नव्हते.

"कोन आयलाय? काय झालाय?" त्यांनी विचारले. कमळीने मला सांगितलेले सगळे त्यांना पुन्हा सांगितले. सासूबाई उभ्याने ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "तिला पानी दे," आणि आत गेल्या.

मी पाणी घेऊन बाहेर येते तोच सासूबाई सुक्या जवळ्याचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. पायरीवर कमळीच्या शेजारी बसल्या. जवळ्यात हात घालून त्यांनी एक पुरचुंडी काढली. प्लॅस्टिक, त्याच्या आत फडके, फडक्यात घड्याळ. ते चालू होते. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ मिळत होती.

"ह्यांचा खरा घड्याल ह्यो," त्या म्हणाल्या. "त्या पोरानं नाय नेला. मी काढून ठेवला."

मी विचारले, "आणि पेटीतलं?"

"तो दुसरा. खऱ्याला खारा पानी लागंल म्हनून कामावर जाताना तो घालायचे. तू फोटू काढलास त्या रातचेच मी बदलला. पट्टा पन ह्याचा त्याला लावला."

"आई, पण तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी मना इचारला व्हता का?" त्या म्हणाल्या. "रोज सकाली आंघोल झाली का चावी देते मी त्याला. आठ वरसा झाली. तू कवा बघितलास?"

मी बघितले नव्हते. जाहिरातीत मात्र मी 'चालू स्थितीत' असे लिहिले होते.

कमळीने घड्याळाकडे पाहिलेही नाही. ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, आता माझ्या पोराला सोडवा." सासूबाईंनी तिचा हात धरला.

संध्याकाळी पती आल्यावर मी त्यांना सांगितले. ते मला म्हणाले, "पोलिसांत आईचं नाव घ्यायचं नाही. सरळ सांग, घड्याळ घरात सापडलं, आमची तक्रार नाही. संपला विषय. कोळीवाड्यात तोंड दाखवायला जागा ठेव." मी हो म्हटले.

आज सकाळी मी पतीबरोबर तेवढेच सांगायला येथे आले होते. रूपेश बाकावर बसला होता. मी हवालदारांना म्हटले, घड्याळ सापडले, तक्रार मागे घ्यायची आहे. ते लिहायला लागले तेव्हा रूपेश उठून म्हणाला, "ताई, एक मिनिट. सापडलं असं नका लिहू."

हवालदार म्हणाले, "अरे, सुटतोयस ना तू?"

"सुटतोय, साहेब. पण सापडलं म्हटलं की लोक म्हणणार, पोलिसांनी दम दिला म्हणून ह्याने गुपचूप आणून ठेवलं. ठेकेदार तेच म्हणेल. वाडीत पण तेच म्हणतील. मी घेतलंच नव्हतं असं लिहा. नाहीतर मला इथेच बसू दे."

मी त्याला विचारले, "मग त्या दिवशी सांगितलं का नाही, की घड्याळ दुसरं आहे?"

तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हीच फसवताय. फोटो एकाचा, देताय दुसरं. पण तुमच्या तोंडाकडे बघून तसं वाटेना. मग वाटलं घरातल्याच कुणीतरी बदललंय. म्हणून विचारलं कोण कोण असतं. फोनपण त्यासाठीच केला. तुमच्या घरात उभं राहून तुमच्या माणसाला चोर कसं म्हणणार? आणि मी म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

याचे खरे उत्तर नाही असेच होते.

आमचे हे बोलणे चालू असताना सासूबाई आत आल्या. मी त्यांना आणले नव्हते. त्या एकट्याच रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावर घड्याळ ठेवले, आपले नाव सांगितले आणि मला सांगितले तेच सगळे सांगितले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. मग त्या घड्याळ घेऊन रूपेशकडे गेल्या. "बघ बाला, खरा हाय ना?"

रूपेशने हात मागे घेतले. "मी हात नाय लावत, आजी. तुम्हीच धरा." सासूबाईंनी ते त्याच्या डोळ्यांपुढे धरले. तो वाकून बराच वेळ बघत होता. नंतर म्हणाला, "हेच ते. सुंदर आहे."

सासूबाईंचा जबाब वेगळा नोंदवला आहे. पती बाहेर मोटारसायकलजवळ उभे आहेत. त्यांना बोलावले असता ते आत आले नाहीत. या जबाबामुळे घरात जे काही होईल त्याची मला कल्पना आहे.

तरी मी सांगते की, रूपेश शुक्रा वाघमारे याने माझ्या घरातून घड्याळ नेले नाही, बदलले नाही. त्याच्या हातात दिले तेव्हाच ते दुसरे होते. त्याने बोली सोडली, ते त्याचे बरोबरच होते. वेबसाइटवर मी त्याच्याबद्दल लिहिलेला शेरा मी काल दुपारी काढायला गेले, पण एकदा लिहिलेला शेरा विकणाऱ्याला काढता येत नाही, असे उत्तर आले. मी त्याच्याखाली माझ्या नावाने खुलासा लिहिला आहे. या जबाबाची नक्कल त्याला मिळावी, अशी माझी विनंती आहे. यार्डाच्या गेटवर ती दाखवायला त्याच्यासोबत मी स्वतः जाणार आहे. त्याला तेथून सर्वांसमोर नेले होते, तेव्हा सांगायचे तेही सर्वांसमोर सांगेन.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा रूपेश व त्याची आई कमळी तेथेच उभे होते. एका ठिकाणी 'घड्याळ मिळून आले' असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून 'सासूने स्वतः काढून दिले' असे केले आहे आणि खोडलेल्या जागी मी सही केली आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरा आहे.

समक्ष

(सही)
विनिता हितेश कोळी