लाल टाचांचे बूट

शिकागोहून तुरुंगाकडे भेटीला निघालेल्या बसमध्ये डेनीस डोळे मिटून पडली होती, पण पुढच्या सीटवरच्या दोघी म्हाताऱ्या गप्प बसतील तर शपथ.

"लुएला, या वयात हे लाल उंच टाचांचे बूट कशाला गं?"

"सांगते ना. माझा टेरेल एकट्याच्या कोठडीत. तिथल्या कैद्यांनी अर्जावर हवा तो एक फोटो मागायचा, बाहेरचं कुणीतरी तो काढून पाठवतं. यानं मागितलं आमचं स्वयंपाकघर!"

"म्हणजे तू आवरलं असशील."

"भिंतसुद्धा रंगवली, पिवळीधमक! फोटोवाली पोरगी आली आणि अर्ज वाचायला लागली, 'आई आवरायला जाईल, तिला आवरू देऊ नका.'"

"अगं बाई!"

"धुतलेली भांडी परत सिंकमध्ये टाकली! जळका पडदा कचऱ्यातून काढला! पोरीला हसून हसून कॅमेरा धरवेना. मग पुढची ओळ आली, 'दाराजवळच्या माझ्या उंचीच्या रेघा दिसू देत.'"

"आणि तू त्यांच्यावर रंग..."

"दोन हात!"

डेनीसचे डोळे उघडले.

"मग गं?"

"बाराव्या वर्षी तो माझ्या कानापर्यंत यायचा. मी भिंतीला टेकून उभी राहिले, कानाशी रेघ मारली, बाकीच्या अंदाजानं."

"त्याला कळलं?"

"लगेच! पत्रात लिहितो, 'बाराव्या वर्षाची रेघ कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर होती, आता दोन इंच खाली आलीय. आई, तू बुटकी झालीस का गं?'"

"अगं..."

"म्हणून हे बूट! आज त्याच्यासमोर खुर्चीत बसायचंच नाही, उभं राहायचं."