कागद चालते, इश्वर नाई चालत

...नाई, मले एक सांगा, मी का दुधाची थैली होय? माह्या पोटावर तारीख छापली हाय का? पंचवीस वर्षं झाली, अड्याळले भैय्यालाल सेठच्या यार्डात वेल्डिंग करून राहिलो, अर्ध्या तालुक्याचे शेड या हातानं उभे केले, अन् तो पुण्याहून आलेला अमर सायेब, इन्स्पेक्टर, डोक्यावर पांढरं हेल्मेट, काखेत फाईल, मले म्हनते, "काका, तुम्ही एक्स्पायर झालात." एक्स्पायर! अरे, मी समोर उभा हाय ना, तुह्याशी बोलून राहिलो, अन् एक्स्पायर?

अन् यार्डात आलेलं काम कोनतं, तं आमच्या कोंढ्याच्या नाल्यावरचा लोखंडी पूल! पावसाळ्यात पोरी ज्या नाल्यातून दप्तर डोक्यावर घेऊन जातेत, माही रुचिता दहावीपर्यंत तशीच गेली, त्या नाल्याचा. वीस वर्षं वाट पाहिली म्या. ठरवूनच ठेवलं होतं, हा पूल जोडीन तं मीच जोडीन. अन् जोडाची पद्धत कोनाची? माही! तुमाले सांगतो, पुलाच्या कामात असं राहते का आधी एक पट्टी जोडून दाखवा लागते. कोनती रॉड, किती करंट, सारं लिहून घेतेत, मंग ते पट्टी वाकवून पाहतेत, नाई फाटली का त्या पद्धतीचा कागद बनते. आमच्या यार्डाचा कागद दोन हजार अकराचा. खाली नाव हाय, पट्टी जोडनारा, इश्वर गभने. म्हनजे कोन? म्हनजे मी!

सायेबानं तो कागद पाहिला अन् एकदम खुश. "उत्तम! हा अजून चालतो." म्हनलं, सायेब, चौदा वर्षं झाली त्याले. तं म्हनते, "पद्धतीला मुदत नसते, काका. वेल्डिंगच्या नियमांत, कोडमध्येच आहे तसं. स्टील तेच, रॉड तीच, मग कागद कायमचा." अन् मी काहून नाई कायमचा? "वेल्डरचं वेगळं. सहा महिने हातून त्या प्रकारचं वेल्डिंग झालं नाही, की संपलं."

घ्या! कागद चालते, इश्वर नाई चालत. चौदा वर्षं कपाटात निजून होता तो, एक टाका नाई मारला त्यानं, उंदरानं कोपरा खाल्ला, तरी तो जिता! अन् मी आषाढात धानाच्या रोवणीले गावी गेलो, धान कापलं, चुरलं, पोत्यात भरलं, पुस महिन्यात परत आलो, तं मी मेलो! अजी, आमच्या इथी रोवणी सोडून यार्डात कोन बसते?

बरं, गावात मी का रिकामा होतो? शेजारच्या श्रावणच्या ट्रॉलीचा हूक जोडला, मारुतीच्या देवळाचं गेट जोडलं. सायेब म्हनते, "नोंद आहे का?" देवळाच्या गेटची नोंद कोन ठेवते बाप्पा! तरी गेलो, आमच्या पोलीस पाटलीन बेबीबाईकडे, दाखला मांगाले. आता तिले दाखला येते एकच. तिनं तोच लिहून देल्ला, "सदर इसमाची वर्तणूक चांगली असून तो कोणत्याही गुन्ह्यात सामील नाही." वरून गोल शिक्का! सायेबानं दोनदा वाचला. "काका, यात वेल्डिंग कुठे आहे?" म्हनलं, ज्याची वर्तणूक चांगली त्याचा जोड खराब राहीन का? तं तो डोळे मिटून बसला.

अन् पुलावर बसवलं कोनाले? विक्कीले! आंबागडचा विक्की, ज्याले रॉड धराले म्या शिकवलं. माहाच कागद समोर टांगून, माह्याच करंटवर, माह्याच नाल्याचा पूल जोडून राहिला, अन् वरून मलेच इचारते, "मामा, या कोपऱ्यात हात कसा फिरवाचा?" सांगितलं. पूल तं आपलाच ना... पन आतून लई जळलं, खोटं कायले सांगू. कागद चालते, विक्की चालते, इश्वर नाई चालत!

मंग सेठ म्हनाला, "अरे इश्वर, टेस्ट दे दे ना, काहे को सब का दिमाग खा रहा है!" देल्ली. माह्याच पद्धतीप्रमाने पट्टी जोडली, सायेब बाजूले उभा. प्रेसखाली वाकवली, पार दुहेरी झाली पट्टी, केसाएवढी भेग नाई! सायेब हसला. "पास, काका. उद्यापासून तुम्ही पुलावर."

बस. इथी तोंड बंद ठेवाचं होतं. माही बायको शकुनबाई घरी रोज सांगते, "तुमी बोलूनच वाटोळं करता." पन मले राहवलं नाई. सहा महिने सहा महिने करून डोकं उठवलं होतं ना त्यानं! म्हनलं, सायेब, सगळ्याईच्या तारखा पाहता, तुमचं इन्स्पेक्टरचं कार्ड दाखवा बरं. त्यानं ऐटीत काढलं. म्या वाचलं. मंग त्यानं वाचलं. मंग सेठनं वाचलं, अन् सेठ खालीच बसला. मागच्या मंगळवारी संपलं होतं!

आता त्याची सही नाई चालत, म्हनजे माही टेस्ट बी नाई चालत. दुसऱ्या दिवशी नागपूरहून दुसरा इन्स्पेक्टर आला, तो म्हनते, "पहले पूल, टेस्ट बाद में." अन् पूल किती दिवसाचा राहिला होता? चार! माह्या नाल्याचा पूल, अन् माहा एक टाका नाई त्यात. कोनाले शिव्या देऊ, सांगा? माह्याच तोंडाले?

तिकडे विक्कीच्या ठिनग्या उडून राहिल्या, अन् आमी दोघं एक्स्पायर, मी अन् अमर सायेब, यार्डाच्या गेटजवळच्या बाकड्यावर, त्याची गाडी संध्याकाळची.  सायेब हळूच म्हनते, "काका... खर्रा आहे का?" म्या तंबाखू-सुपारीची पुडी काढली. त्यानं वास घेतला, म्हनते, "ताजा आहे ना?"

म्हनलं, खा सायेब, सकाळीच घोटला... आपल्या दोघाईत याचीच मुदत बाकी हाय.