काल आमेन म्हणालात

बायको : ती कवळी काढा आधी माझ्या बॅगेतून.

नवरा : कुठली कवळी? अगं बाई! बॅगेला दात आले की!

बायको : तिकडे गिऱ्हाईक बोळक्या तोंडानं वाट बघतंय आणि त्याचे दात माझ्या कपड्यांत. काढा म्हटलं ना!

नवरा : हसलीस! ओठ हलला, मी बघितला.

बायको : नाही हसले. ओठ दाबून धरलाय. ताई निघालीय गाडी घेऊन.

नवरा : तिला कशाला त्रास? मीच सोडतो. राहा की आठवडाभर.

बायको : आठवडाभरासाठी कोणी स्वेटर, रजई, आईचा फोटो घेऊन जातं का?

नवरा : ...हे काय अचानक?

बायको : अचानक? अहो, काल तुमच्यासमोरच मागितलं.

नवरा : कोणाकडे?

बायको : देवाकडे! चर्चमध्ये पाळकसाहेबांनीच सांगितलंय ना, संसार सावरायचा तर रोज दोघांनी गुडघे टेका, एकानं मोठ्यानं मागा, दुसऱ्यानं मनापासून ‘आमेन, तसंच होवो’ म्हणा. काल मागणारी मी होते.

नवरा : मग? होतो की मी शेजारीच.

बायको : काय मागितलं मी?

नवरा : ते... आजाऱ्यांना बरं कर... पाळकबाईंचा गुडघा...

बायको : ते परवा. काल म्हटलं, ‘प्रभू, ह्या माणसाशी बोलून बोलून माझा जीव थकला. प्रत्येक गोष्टीची चेष्टा होते. आता मला इथून जाऊ दे, आणि त्याला हो म्हणायचं बळ दे.’ रडत होते मी. तुम्ही काय म्हणालात? ‘आमेन!’ खिडकीची काच हादरली.

नवरा : आईशप्पथ, माझं लक्षच नव्हतं गं. पाळकसाहेबांच्या नव्या कवळीत एक सोनेरी दात बसवून द्यावा, असं डोक्यात चाललं होतं. उपदेश करायला तोंड उघडतील आणि...

बायको : म्हणजे मी रडत होते आणि तुम्ही मनात खिदळत होतात.

नवरा : चुकलं. तो आमेन मी परत घेतो.

बायको : कवळीचं माप आहे का ते, चुकलं की पुन्हा घ्यायला?

नवरा : मग आज मी मागतो. एवढं ऐक, मग जा. हे बघ, टेकले गुडघे. ‘प्रभू, मी नालायक आहे. चेष्टा सोडली तर मला बोलताच येत नाही. ही गेली की हे घर मला खायला उठेल. हिला जाऊ देऊ नको. हिला इथंच ठेव.’ ...झालं. म्हण आता.

(बाहेर गाडीचा हॉर्न.)

नवरा : आमेन म्हण की गं. नुसतं म्हण.

बायको : नुसतं नाही म्हणता येत मला. मी ऐकत असते.