लाटणं लावून तपासलेली मोटार

चिंतामणी : ...आणि पान बाविसावर स्वच्छ छापलंय, यंत्राची तपासणी जाणत्या इंजिनियराने योग्य हत्यारांनी करावी. योग्य हत्यारांनी! गुणाजी, तुझ्या हातात लाटणं आहे.

गुणाजी : पुस्तक तोंडासमोरनं खाली घ्या, कारकूनसाहेब. मग बोला.

चिंतामणी : खाली घेऊन वाचू कसं?

गुणाजी : नका वाचू. बाविसाव्या पानानं ती बिघडली नाय, आणि सुधरायची पण नाय.

अंबिका : आणि लाटणं माझं हाय. सागवानी. आयेनं मालवणातनं धाडलंय. आमच्याकडे पोळी वर्षातनं चार सणांना होते, म्हणून ह्यांना वापरायला दिलं.

चिंतामणी : बाई, ही जर्मन देशातून आलेली मोटार आहे! आमच्या शेटनी ती गिरगावातून लालबागला तुमच्या वाडीपर्यंत बैलांनी ओढत धाडली. चिंचपोकळीला लोक टाळ्या वाजवत होते. गुणाजी, नीट ऐक. सूर्य मावळायच्या आत ही आपल्या चाकांवर गिरगावात परतली, तर मोटारीची नोकरी तुझी. नाही परतली, तर उद्या फोर्टातला गोरा इंजिनियर येणार आणि तू घरी बसणार.

अंबिका : घरीच बसलेत. गिरणीतनं काढलं त्याला तीन महिने झाले.

गुणाजी : चाक फिरवा.

चिंतामणी : कोण, मी? मी बी. ए.ला बसलेला माणूस आहे.

अंबिका : लय बसलात. आता उठा.

गुणाजी : यंत्राचं ते मागचं मोठं चाक. हळू. दळण दळतात तसं.

चिंतामणी : हं... फिरवतो... अरे, पण ते लाटणं दातात का धरलंस? गुणाजी! मी काय विचारतोय?

अंबिका : दातात लाटणं असल्यावर माणूस काय बोलेल? मी सांगते. एक टोक यंत्रावर, एक दाढेत. यंत्राच्या पोटातलं दाढेतनं हाडात जातं, हाडातनं टाळक्यात. गिरणीत वीस वर्षं ह्यांनी असंच केलं. इंजिन उद्या मोडणार ते आज सांगायचे. साहेब हसायचा. उद्या उजाडला की हसणं बंद.

गुणाजी : थांबा. दाबाच्या वेळेला आत फुसफुसतंय. अंबिके, कापूस. वातीपुरता.

चिंतामणी : आता वात लावणार? आत पेट्रोल आहे!

गुणाजी : वात पेटवायची नाय, धरायची. हवेच्या नळीच्या तोंडापाशी. फिरवा. हं, कापूस आत ओढला. बरोबर. आणखी फिरवा. बघा! भायेर उडाला. यंत्रानं हवा घ्यायची, मग तोंड मिटून ती दाबायची, मग आत ठिणगी. हिचं तोंडच मिटत नाय. दाबणार काय, कपाळ? तोंड मिटायचं झाकण, तो व्हाल, काढून बघतो.

चिंतामणी : पुस्तकात कापसाचा उल्लेखच नाही. तुला ही नळी कशाची ते तरी ठाऊक आहे का? गुणाजी? मी तुझ्याशी बोलतोय.

अंबिका : कामात हायत ते.

चिंतामणी : मघापासून बघतोय. समोर उभा राहिलो की उत्तर मिळतं, मागे गेलो की नाही. बाई, तुम्ही जरा गप्प राहा. गुणाजी, साप! तुझ्या पायाशी साप!

अंबिका : अगे आये! खंय? खंय हा?

चिंतामणी : कुठे नाही. तुम्ही ओट्यावर चढलात, शेजारीण घरात पळाली, आणि हा व्हाल दाबणाऱ्या कमानीशी खेळतोय. बाई, तुमचा नवरा ठार बहिरा आहे.

अंबिका : ...हळू बोला.

चिंतामणी : का? त्याला ऐकू जातंय थोडंच?

अंबिका : वाडीला जातंय. वीस वर्षं त्या खडखडाटात उभे राहिले, कान तिथंच ठेवून आले. साहेबानं यंत्र बंद करायला शिट्टी मारली. ह्यांची पाठ होती. दुसऱ्या दिवशी हातात चिठ्ठी. कान गिरणीनं खाल्ले आणि कानाशिवायचा माणूस नको म्हणून हाकलला पण गिरणीनंच! ह्याला इन्साफ म्हणतात तुमच्या पुस्तकात? कुठल्या पानावर?

चिंतामणी : मला वाईट वाटतं. पण शेटना सांगावं लागेल. बहिऱ्याच्या हवाली मोटार कशी करणार? उद्या काही झालं, तर जाब मला विचारतील.

अंबिका : हाकणार शेट. ह्यांनी फक्त ती जिवंत ठेवायची. त्याला कान कशाला?

चिंतामणी : सांगावं लागेल, बाई. मी खोटं बोलत नाही.

गुणाजी : तुमचं दोघांचं काय चाललंय? हे बघा काय निघालं. व्हालखाली अडकलं होतं.

चिंतामणी : काय आहे? खडा?

गुणाजी : तांदूळ. कुंकू लावलेला. आणि व्हाल टेकतो ती ही बैठक बघा, सगळी गंजलीय. ह्या नळीत पाणी गेलंय. जर्मन देशातले लोक मोटारीत अक्षता भरून धाडतात का हो?

अंबिका : परवाच दसरा झाला. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

गुणाजी : मोटार कुणी पुजली?

चिंतामणी : हे बघ, नवमीला सगळी हत्यारं पुजतात. शेटच्या घरची तलवार पुजली, कातरी पुजली, दौत पुजली. मोटार तेवढी राहिली असती, तर शेटाणीबाईंना काय वाटलं असतं? मी... मी नारळही वाढवला. तिच्यावरच.

अंबिका : यंत्रावर? आणि पाणी?

चिंतामणी : गेलं असेल नळीत. दुसऱ्या दिवशी ती फक्त शिंकली. शेटना सांगितलं, मुंबईची हवा मानवली नाही तिला.

अंबिका : आणि खोटं तुम्ही बोलत नाय.

चिंतामणी : बाई, शेटना कळलं तर माझी नोकरी जाईल. घरात म्हातारी आई आहे, दोन बहिणी लग्नाच्या आहेत.

गुणाजी : काय म्हणतात हे? तोंड खाली घालून बोलतात, दिसत नाय.

अंबिका : म्हणतात, तुमच्या कानांचं ह्यांना काय कळलं नाय, तांदळाचं आम्हाला काय दिसलं नाय. हो की नाय, कारकूनसाहेब?

चिंतामणी : ...हो.

गुणाजी : मग हत्यारं घासायची ती कुरुंदाची पूड काढ आणि खोबरेल. बैठक घासून घ्यायची. व्हाल असा दोन तळहातांत धरायचा आणि फिरवायचा, इकडे, तिकडे.

अंबिका : सरका, इकडे आणा. हे तर ताक घुसळणं झालं, मी सात वर्षांची असल्यापासनं करते. कारकूनसाहेब, तेल सोडा थेंब थेंब. थेंब म्हटलं मी, अभिषेक नाय!

चिंतामणी : किती वेळ घुसळायचं? सूर्य बघा कुठे आलाय.

गुणाजी : सूर्याला गंज लागलेला नाय, त्याला घाई चालते. बस. आता पूस, आणि डबीतलं काजळ दे. व्हालच्या कडेला काजळाच्या आठ रेघा मारतो. बसवून एकदा फिरवायचा. आठही पुसल्या, तर तोंड नीट मिटलं.

अंबिका : सात पुसल्या. एक राहिली.

चिंतामणी : चालेल की! एका रेघेने काय होतंय?

गुणाजी : चालेल म्हणणाऱ्यानं गिरणीत राहावं. अंबिके, आणखी घुसळ.

अंबिका : ...आता बघा.

गुणाजी : आठ. घाला बसवून. कारकूनसाहेब, नारळबिरळ नाय ना जवळ? मग मागे व्हा.

(गुणाजी चाकाला झटका देतो. मोटार दोनदा खोकते आणि मग धरते. वाडीतल्या कोंबड्या कौलांवर जातात.)

चिंतामणी : चालू झाली! गुणाजी, चालू झाली! बाई, काय म्हणताय? ऐकू येत नाही!

अंबिका : काय? मोठ्यानं बोला!

गुणाजी : ती म्हणते, भांडी पडली फळीवरची. आणि अंबिके, हे म्हणतात मोटार चालू झाली.

चिंतामणी : मी शेटना सांगतो, की... काय?

गुणाजी : ओरडू नका. नुसते ओठ हलवा. मला कळतंय. हिच्याजवळ उभा राहून बोलणं समजणारा इथं मीच एकटा हाय. थांबा, हवा कमी करतो, तुम्ही बहिरे लोक गोंधळलात. हां. आता जरा हळू चाललीय.

चिंतामणी : बसा. गिरगावात उजेडात पोचायला हवं. पण बाई, एक अडचण आहे. शेट समोर बोलावतील, चार गोष्टी विचारतील.

अंबिका : विचारू देत. ह्यांना तोंड दिसलं की झालं.

चिंतामणी : तेच तर. शेट नोकराकडे तोंड करून कधीच बोलत नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बोलतात.

अंबिका : आणि नोकर काय म्हणतात?

चिंतामणी : "होय शेट."

अंबिका : दर वेळेला?

चिंतामणी : दर वेळेला.

अंबिका : मग ऐकायची गरज कुणाला पडते?

चिंतामणी : ...अकरा वर्षं झाली, बाई. मला तरी पडलेली नाही.